तोंड आल्याचं जेल मागायला गेलो, त्या मेडिकलबद्दल

या मेडिकलला मी पाचपैकी चार तारे देतोय. पाचवा का नाही ते पुढे येईलच. चार का दिले हे सांगायला मात्र जागा लागेल. वेळ नसेल त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल: आई आज घरात बसून भाकरी थापतेय ती या दुकानातल्या बाईंनी तीन प्रश्न विचारले म्हणून.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, सत्तावीस वर्षं झाली. बिलं जपून ठेवायची सवय आहे, त्यामुळे खालचं सगळं फायली समोर ठेवून लिहितोय. घरात आई आहे, वय ७८, तिला शुगर, बीपी आणि संधिवात. बायकोला थायरॉइड. धाकटी लेक डी.फार्मच्या, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. त्यांना कायदा आणि नीतिशास्त्र असा एक विषय असतो. रात्री जेवणं झाली की ती मोठ्यानं वाचून पाठ करते. कांट, मिल, ॲरिस्टॉटल या तत्त्वज्ञांची नावं मी वयाच्या चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकली ती अशी, ओट्यावर बसून.

गोष्ट गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली. पारा ४२ च्या वर. आईला आठ दिवसांपूर्वी संधिवाताच्या डॉक्टरांनी नवीन गोळी सुरू केली होती. ती दवाखान्याजवळच्या एका मेडिकलमधून घेतली, हे दुकान नव्हे. आठव्या दिवशी आईचं तोंड आलं. आधी वाटलं उन्हाळा आहे, उष्णता झाली. तिला साधं ताकही पिता येईना. रात्री नऊच्या सुमाराला मी या मेडिकलमध्ये आलो आणि म्हणालो, "अक्का, तोंड आल्याचं जेल द्या."

अक्का म्हणजे इथल्या फार्मासिस्ट. वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण आमच्या भागात तेलुगू, कन्नड, मराठी सगळीच माणसं त्यांना अक्का म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. जेलची ट्यूब त्यांच्या हातात होती. ती काउंटरवर न ठेवता त्यांनी विचारलं, "कुणाचं तोंड आलंय ओ काका?" मी म्हणालो आईचं. "किती दिवस झाले?" आज सकाळपासून. "नवीन गोळी कुठली चालू झालीय का?"

मी म्हणालो, संधिवाताची एक चालू झालीय, नाव आठवत नाही. त्यांनी ट्यूब मागे ठेवली. "घरी जाऊन गोळ्यांची पिशवी घेऊन या. चिठ्ठी पण. आत्ता या, मी शटर खाली करत नाही."

मला राग आला होता, हे खरं सांगतो. तीस-पस्तीस रुपयांच्या जेलसाठी परत दोन गल्ल्या चालायच्या. पण गेलो, पिशवी आणली. त्यांनी एकच स्ट्रिप बाहेर काढली. मेथोट्रेक्सेट, दहा मिलिग्रॅम. दहाच्या स्ट्रिपमध्ये दोन गोळ्या उरल्या होत्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर इंग्रजीत 'आठवड्यातून एकदा, मंगळवारी' असं लिहिलं होतं, आणि ज्या कागदी पाकिटात ती स्ट्रिप मिळाली होती त्यावर त्या दुकानातल्या पोरानं पेनानं 'सकाळी १' असं लिहिलं होतं. आई पाकीट बघूनच गोळी घेते. आठ दिवसांत आठ गोळ्या. घ्यायला हव्या होत्या दोन.

अक्कांनी आवाज चढवला नाही. आपल्या मोबाइलवरून आधी डॉक्टरांना फोन लावला, सगळं सांगितलं. मग मला म्हणाल्या, "काका, जेल नको. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. रक्त तपासतील. ही स्ट्रिप आणि पाकीट संगं न्या, टाकू नका." एका कागदावर त्यांनी गोळीचं नाव, ताकद, कुठल्या तारखेपासून किती घेतल्या, आईच्या बाकीच्या गोळ्या, असं सगळं सुवाच्य लिहून दिलं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी तो कागद वाचला आणि आम्हाला एकही प्रश्न विचारायची गरज पडली नाही. पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या. उतारा म्हणून फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं दिली. आई सहा दिवस दवाखान्यात होती.

लेकीनं नंतर मला समजावलं. ही गोळी शरीरातल्या फॉलिक ॲसिडच्या कामात अडथळा आणते. ज्या पेशी भराभर नव्या तयार होतात, म्हणजे तोंडाच्या, आतड्याच्या आतल्या अस्तराच्या, हाडातल्या मगजाच्या, त्यांना आधी फटका बसतो. संधिवाताला ती आठवड्यातून एकदा, थोडक्या प्रमाणात देतात. रोज गेली तर विष. तोंड येणं ही पहिली खूण. म्हणजे मी जे जेलनं झाकायला निघालो होतो तीच धोक्याची सूचना होती.

आई घरी आल्यावर मी पेढे घेऊन दुकानात गेलो. अक्कांनी एक पेढा घेतला आणि एक गोष्ट सांगितली जी माझ्या डोक्यातून अजून जात नाही. म्हणाल्या, "काका, मी तुम्हाला ते जेल दिलं असतं ना, तर कायद्यानं माझं काहीच चुकलं नसतं. जेलला चिठ्ठी लागत नाही. बिल बरोबर, एक्सपायरी बरोबर. इन्स्पेक्टर आला असता तरी सही करून गेला असता."

त्या दुसऱ्या दुकानाशी भांडायला मी निघालो होतो. त्या म्हणाल्या, जरूर बोला, लेखी तक्रारही करा, तुमचा हक्कच आहे. पण त्यांनी स्वतः त्याआधीच तिथं जाऊन मालकाला पाकीट कसं लिहिलं गेलं ते सांगितलं होतं, कारण तसंच पाकीट आणखी कुणाच्या घरी गेलं असेल तर? हे मला सुचलंच नव्हतं. मी माझ्या आईपुरताच विचार करत होतो.

आता बाकीचं. गेल्या दोन वर्षांत मी या दुकानात जे पाहिलं त्यातलं जे लक्षात राहिलं ते सांगतो.

हे दुकान नाही म्हणतं. मला स्वतःला म्हणालंय. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, घसा धरला होता, ताप होता. दरवर्षीप्रमाणे मी सेफिक्झिम या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या मागितल्या. चिठ्ठी नाही तर देत नाही म्हणाल्या. सेफिक्झिम शेड्यूल एच-वन मध्ये येतं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या एका कडक सरकारी यादीत. ही यादी १ मार्च २०१४ पासून लागू झाली, सुरुवातीला ४६ औषधं होती, आणि प्रत्येक विक्रीची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करून ते तीन वर्षं ठेवावं लागतं: डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. मी म्हणालो, समोरचा देतो की. "द्येतो ना. तुम्ही तिकडून घ्या, मी काय हात धरणार? पण तुमचा घसा बहुतेक व्हायरसचा आहे. ह्या गोळीनं व्हायरस मरत नाही. चार गोळ्या अर्धवट घेतल्या की अंगात जे जंतू आहेत ते शिकून घेतात, आणि उद्या आजीला न्यूमोनिया झाला की ह्याच गोळीचा उपयोग होणार नाही." मग पॅरासिटामॉल दिली, मिठाच्या गुळण्या सांगितल्या आणि तीन दिवसांत ताप उतरला नाही तर डॉक्टरांकडे जा म्हणून बजावलं. एकूण बिल अठरा रुपये. चौथ्या दिवशी मी कामावर होतो.

लेकीला वाटलं, अक्का कांटवाल्या. म्हणजे नियम तो नियम. सगळ्यांनी तसंच वागावं असं जे तुला वाटेल तसंच तू वाग, परिणाम काय होतो ते बघून नियम बदलू नकोस, असं काहीसं तिच्या वहीत लिहिलेलं आहे.

पण मग एका रविवारी रात्री मी तिथं उभा असताना एक बाई आली. सोबत दहा-अकरा वर्षांचा मुलगा. फिटच्या गोळ्या संपल्या होत्या. जुनी चिठ्ठी होती, तिची मुदत संपून गेलेली. डॉक्टर बाहेरगावी. अक्कांनी फोन लावला, उचलला नाही. परत लावला. मग कॉम्प्युटरमध्ये त्या मुलाची मागची बिलं बघितली, तीच गोळी, तीच ताकद, दर महिन्याला. बाईला विचारलं शेवटची गोळी कधी दिली. सकाळी. "रात्रीची चुकली तर?" असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. स्ट्रिपमधून दोन गोळ्या कापल्या, एक रात्रीची आणि एक सकाळची. "उद्या सकाळी सिव्हिलच्या ओपीडीला जायचं, नवीन कागद करून आणायचा आणि मला दाखवायचा. नाही आणला तर उद्या रात्रीची मी देणार नाही." रजिस्टरात लिहिलं: चिठ्ठी जुनी, डॉक्टरांना दोनदा फोन, दोनच गोळ्या दिल्या, कारण. खाली सही.

मी घरी येऊन लेकीला हे सांगितलं तर ती गोंधळली. फिटची गोळी अचानक थांबली तर झटका येऊ शकतो, हे तिला ठाऊक. पण चिठ्ठी ग्राह्य नसताना औषध देणं नियमात बसत नाही, हेही तिला पाठ. मग अक्का मिलवाल्या का, ज्यात जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं होईल ते करायचं? दुसऱ्या दिवशी ती थेट जाऊन विचारून आली. अक्कांनी उत्तर दिलं ते असं: "तुझ्या पुस्तकातलं नाव मला परीक्षेपुरतं आठवत होतं गं. मी नियम मोडला, हे मला कळत होतं. म्हणून दोनच दिल्या, म्हणून लिहून ठेवलं, म्हणून सकाळी डॉक्टरांना फोन करून सांगितलं. मला ते लपवावंसं वाटलं असतं तर मी दिल्याच नसत्या."

माझ्या हिशेबाच्या धंद्यात याला फार किंमत आहे. एखादी नोंद चुकीच्या खात्यात करावी लागली तर शेजारी कारण लिहायचं आणि मालकाला दाखवायचं. ज्या नोंदीचं कारण लिहायला हात अडतो, ती नोंदच करायची नाही. मी हे सत्तावीस वर्षं करत आलोय आणि औषधांच्या बाबतीत कुणी तसं वागताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढची गोष्ट लिहिताना मला वाईट वाटतं, पण लिहितो. आमच्या कारखान्यातला एक विणकर बरेच दिवस खोकत होता, वजन उतरलं होतं. मालकांनी मला सांगितलं, तो तुमच्याच भागातल्या मेडिकलमधून औषध घेतो ना, विचारा काय घेतो, टीबी असेल तर खात्यात ठेवता येणार नाही. मी अक्कांना विचारायला गेलो. आडून आडून विचारलं. त्यांना लगेच कळलं. "काका, बिल तुमच्या नावाचं असेल तर वाचून दाखवते. दुसऱ्याचं नाही." मी म्हणालो, बाकीच्या तीस माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. त्या म्हणाल्या, "असला तर त्याची काळजी घेणारी माणसं आहेत, आणि त्यांच्याकडे मी जे कळवायचं ते कळवते. तुमच्या मालकाला कळवायचं माझ्याकडे नाही."

मी त्यावर लेकीशी बराच वाद घातला. तीस माणसं एका बाजूला आणि एका माणसाचं गुपित दुसऱ्या बाजूला, यात मिलचा हिशेब सरळ दिसतो. तिनं समजावलं की तो इतका सरळ नाही. २०१८ पासून टीबीची औषधं देणाऱ्या मेडिकलनाही तसा पेशंट सरकारकडे कळवणं बंधनकारक आहे. मग आरोग्य खात्याची माणसं घरी येतात, घरातल्यांना तपासतात, औषध फुकट मिळतं, पोषणासाठी महिन्याला पैसे मिळतात, आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. योग्य औषध नीट सुरू झालं की काही आठवड्यांत बहुतेकांपासून लागण होण्याचा धोका खूप कमी होतो. पण मेडिकलवाली मालकाला सांगते असं एकदा पसरलं तर पुढचा खोकणारा माणूस औषधच आणायला येणार नाही. तो मागावर उभा राहून खोकत राहील. मग तीसजणांचं काय?

मी मालकांना जाऊन सांगितलं की मला कळलं नाही. आणि त्यांना हेही सांगितलं की खात्यातल्या सगळ्यांचीच तपासणी करून घेऊया, एकट्याला बाजूला काढायला नको. ते झालं. त्या विणकराला काय होतं ते मला आजही माहीत नाही आणि विचारायचं कारणही नाही. तो कामावर आहे.

सगळ्या बाबतीत मी अक्कांच्या बाजूचा आहे असं नाही. एका गोष्टीवरून आमचं वाजलं होतं. आमच्या भागात घरोघरी बायका विड्या वळतात. दिवसाला हजार विड्या, मांडीवर सूप घेऊन, पाठ वाकवून. एक आज्जी रोज डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी मागायला यायची. अक्का नाही म्हणायच्या. तिला बीपी, पायावर सूज. ही गोळी बीपी वाढवते, बीपीच्या गोळीचा असर कमी करते, आणि सोलापूरच्या उन्हात पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या किडनीला तर फारच वाईट. शिवाय चिठ्ठी लागतेच. कारण सगळं बरोबर. पण आज्जी म्हणाली, "अक्का, बोटं वळंनात. विड्या नाही झाल्या तर मजुरी कोण दील? माझी किडनी हाय, मला ठरवू दे की." आणि मला तिचं पटलं. मी तिथंच बोललो की शिकलेल्या माणसानं गरिबाला किती अडवायचं.

लेकीच्या वहीत चार तत्त्वं आहेत, १९७९ मध्ये दोन अमेरिकन अभ्यासकांनी मांडलेली: माणसाला स्वतःचं ठरवू देणं, त्याचं हित करणं, अहित न करणं आणि न्याय. त्या संध्याकाळी काउंटरच्या या बाजूला पहिलं तत्त्व उभं होतं आणि त्या बाजूला दुसरं-तिसरं. चौथं कुणी विचारातच घेतलं नव्हतं, की या बाईला डॉक्टरांकडे जायचं तर एका दिवसाची मजुरी जाते.

अक्कांना माझं बोलणं लागलं असावं. पुढच्या आठवड्यात दिसलं ते असं: आज्जीचं बीपी त्यांनी दुकानातल्या मशीनवर मोजलं, आकडा कागदावर लिहिला, बोटांवर लावायचं मलम दिलं, पॅरासिटामॉल किती तासांनी आणि दिवसाला जास्तीत जास्त किती ते तेलुगूत सांगितलं, आणि तिच्या सुनेला बोलावून सिव्हिलच्या ओपीडीचा वार ठरवून दिला, विड्या जमा करायच्या दिवशी येणार नाही असा. गोळी तरी दिली नाहीच. मला अजूनही वाटतं दोन दिवसांची द्यायला हवी होती. अक्कांना वाटतं नव्हती. त्यावर आम्ही एकमेकांना पटवू शकलो नाही.

पाकिटांवर त्या चित्रं काढतात हे सांगायचं राहिलं. वाचता न येणाऱ्यांसाठी सूर्य म्हणजे सकाळ, भाकरी म्हणजे जेवणानंतर, चंद्र म्हणजे रात्र. आईच्या प्रकरणानंतर आठवड्याच्या गोळीसाठी त्यांनी नवीन पद्धत सुरू केली: पाकिटावर वार लाल शाईनं, गोळ्या महिन्याच्या चारच, आणि परत म्हणून दाखवायला लावतात. "कधी घ्यायची? सांगा." आई म्हणते, मंगळवारी. "आणि बुधवारी?" नाही. प्रत्येक वेळी, चिडचिड न करता.

पैशांचं. इथं डिस्काउंट मिळत नाही. दोन चौक पलीकडे वीस टक्क्यांची पाटी आहे. मी हिशेबनीस आहे, म्हणून मला यात रस होता. सरकारच्या २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशात यादीतल्या औषधांची कमाल किंमत ठरवताना दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के धरतात. त्यातून भाडं, वीज, पगार जाऊन वीस टक्के सूट कशी देता येईल, हा साधा हिशेब आहे. जिथं छापील किंमत मुळातच फुगवलेली असते तिथंच ती परवडते. अक्कांनी मला उलट एक गोष्ट सांगितली ज्यात त्यांचं नुकसान होतं: आईची शुगरची गोळी, मेटफॉर्मिन, जनऔषधी केंद्रात स्वस्त पडेल. मी म्हणालो, मग तुम्हीच स्वस्तातली द्या. तर म्हणाल्या, चिठ्ठीत ब्रँड लिहिलाय, तो बदलून दुसरं परस्पर द्यायची मला मुभा नाही. डॉक्टरांना मूळ औषधाचं नाव लिहायला सांगा. डॉक्टरांनी लगेच लिहून दिलं. महिन्याचा खर्च निम्म्याच्या खाली आला आणि अक्कांकडचं आमचं बिल तेवढंच घटलं.

आणि इन्सुलिन. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे एका रात्री वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. दुकानाच्या फ्रिजमधलं तापमान बराच वेळ वर गेलं होतं. बाटलीकडे बघून बहुतेक वेळा काही कळत नाही, दिसायला तसंच असतं. अक्कांनी चौदा बाटल्या बाजूला काढून नाश करायच्या खोक्यात टाकल्या. दुकानातल्या मुलानं मला हे सांगितलं, त्या बोलल्या नव्हत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "ज्याला दिली असती त्याची शुगर उतरली नसती, आणि त्यानं काय केलं असतं? डोस वाढवला असता. पुढची बाटली चांगली मिळाली की शुगर एकदम खाली." आतापर्यंत मी ओट्यावर जे ऐकलं त्यात एक वाक्य मला आवडलं होतं, की माणसाला निव्वळ आपल्या कामाचं साधन म्हणून वापरू नये. त्या चौदा बाटल्यांचा तोटा पाहिला तेव्हा त्याचा अर्थ मला नीट समजला. आता फ्रिजला इन्व्हर्टर आहे आणि दारावर रोज दोन वेळा तापमान लिहायचा तक्ता. इन्सुलिन नेताना बर्फाची पिशवी देतात, बाटली थेट बर्फाला लागू देऊ नका म्हणून सांगतात.

चूक इथंही झाली आहे. मागच्या श्रावणात बायकोच्या थायरॉइडच्या गोळ्या आणल्या. रात्री साडेनऊला दारात अक्का. संध्याकाळी बिलं आणि साठा ताडून बघताना त्यांच्या लक्षात आलं होतं की २५ ऐवजी ७५ ची बाटली आमच्याकडे गेलीय. बाटली त्यांच्याच हातून गेली होती. "गोळी घेतली का वैनींनी?" नव्हती घेतली, ती सकाळी अनशापोटी घ्यायची असते. त्यांनी बाटली बदलून दिली, मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. तुम्हाला वाटलं तर तुम्ही तक्रार करू शकता, कुठं करायची ते मी सांगते." बायकोनं चहा टाकला. अक्का चहा पिताना गप्प होत्या, हात थरथरत होते. दुसऱ्या दिवसापासून २५ आणि ७५ च्या बाटल्या वेगवेगळ्या फळीवर आहेत.

आता तारा का कापला. दुपारी दीड ते साडेतीन दुकान उघडं असतं पण औषध मिळत नाही. अक्का जेवायला घरी जातात आणि तेवढा वेळ मुलगा साबण, पावडर, डायपरच विकतो. पाटी आहे: फार्मासिस्ट उपस्थित नाहीत. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या फार्मासिस्टशिवाय औषध देता येत नाही, त्यामुळे त्यांचं बरोबरच आहे. पण दुपारी कामावरून सुटून, उन्हातून सायकलवर आलेला माणूस परत जातो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांनी दुसरा फार्मासिस्ट ठेवावा. परवडत नाही म्हणतात. तरी ठेवावा.

दुसरं, तीन पायऱ्या फार उंच आहेत, कठडा नाही. आईला चढता येत नाही. गुडघेदुखीचं औषध घ्यायला येणाऱ्यांसाठी हे बरोबर नाही, मी तीनदा सांगितलं. तिसरं, वेळ लागतो. संध्याकाळी सात ते नऊ रांग असते, कारण प्रत्येकाला प्रश्न विचारले जातात. बाजूला उभं राहून हळू बोलायची सोय आहे, एक छोटा पडदा लावलाय. परवा एक तरुण मुलगी खूप वेळ घुटमळत होती, अक्का तिला तिकडे घेऊन गेल्या, मी पाठ फिरवली. घाई असेल त्यांनी सकाळी दहाला यावं. यूपीआय चालतं. घरपोच सेवा नाही.

डी.फार्मचं शिक्षण संपलं की पाचशे तासांचं प्रात्यक्षिक करावं लागतं, कमीत कमी तीन महिने. लेकीनं अक्कांना विचारलं, तुमच्याकडे करू का. हो म्हणाल्या, पण अट घातली. पहिला आठवडा औषधाला हात लावायचा नाही. काउंटरच्या कडेला स्टुलावर बसायचं, आणि येणारा माणूस काय मागतो आणि त्याला खरं काय होतंय, हे वहीत दोन रकान्यांत लिहायचं. लेकीनं नवीन वही आणलीय. काल रात्री पट्टी घेऊन रकाने आखत बसली होती. आई शेजारी बसून बघत होती, म्हणाली, पहिल्या पानावर माझं लिही.